यादृच्छिक विभागणी : उपचारांच्या तुलनेची संख्याशास्त्रीय कसोटी

एखादा उपचार दुसऱ्यापेक्षा सरस आहे काय, हे केवळ बऱ्या झालेल्या रुग्णांच्या मोजदादीवरून ठरत नाही. सौम्य आजाराचे रुग्ण एका गटात व गंभीर रुग्ण दुसऱ्या गटात गेल्यास, दिसलेला फरक उपचाराचा की आजाराच्या तीव्रतेचा, हे सांगता येत नाही. त्यामुळे रुग्णाचा गट डॉक्टरांच्या पसंतीने न ठरवता योगायोगावर सोपविला जातो. यालाच यादृच्छिक विभागणी म्हणतात. ब्रिटनमधील स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीत संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी ती वापरली. निष्कर्ष १९४८ मध्ये प्रसिद्ध झाले.

भारतात या पद्धतीने क्षयरोगोपचाराची दिशा बदलली. १९५६ मध्ये मद्रास येथे स्थापन झालेल्या क्षयरोग संशोधन केंद्राने गरीब वस्त्यांतील रुग्णांची घरी व आरोग्यधामात अशी यादृच्छिक विभागणी केली. दोन्ही गटांना आयसोनियाझिड व पॅस ही औषधे वर्षभर देण्यात आली. आरोग्यधामातील रुग्णांना सकस आहार व अधिक विश्रांती मिळाली, तर घरच्या रुग्णांना दाटीवाटीत राहावे लागले. तरीही १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दोन्ही गटांतील सुधारणा जवळपास सारखीच होती. घरी उपचार घेणाऱ्यांच्या कुटुंबीयांना संसर्गाचा अधिक धोका असल्याचेही आढळले नाही.

खाटांचा तीव्र तुटवडा असलेल्या देशात या निष्कर्षाने घरगुती उपचारांना शास्त्रीय आधार दिला. हेच केंद्र आज चेन्नईतील राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था म्हणून ओळखले जाते.