नेणिवेची गोष्ट एका मुलीपासून

मुलांनो, सिग्मंड फ्रॉइड यांची गोष्ट मी एका मुलीपासून सुरू करतो. १८८० साली व्हिएन्नात २१ वर्षांची बेर्था पापेनहाइम आजारी पडली. उजवा हात हलेना, स्वतःची जर्मन भाषा बोलता येईना. डॉक्टर ब्रॉयर तिच्याजवळ बसून ऐकत. मनातलं बोललं की तिला हलकं वाटे. याला ‘बोलण्याचा इलाज’ हे नाव तिनंच दिलं, बरं का!

ब्रॉयर यांनी ही हकीकत तरुण फ्रॉइडना सांगितली. नकोशी आठवण मनातून जाते कुठं? ती जात नाही, असं फ्रॉइड पुढं म्हणाले. जाणिवेखाली नेणीव असते. दडपलेलं तिथं जिवंत राहतं.

१८९५ साली दोघांच्या पुस्तकात नाव बदलून तिची कथा आली. वाचणाऱ्याला वाटतं, ती या इलाजानं बरी झाली. खरं तर त्यानंतरही तिला अनेकदा रुग्णालयात राहावं लागलं. पण याच बेर्थानं १९०४ मध्ये जर्मनीतल्या ज्यू स्त्रियांची संघटना उभी केली.

फ्रॉइड यांची बरीच मतं आज मान्य नाहीत. ‘आधी ऐका’ हा धडा मात्र टिकला. आणि तो शिकवला एका पेशंटनं, हे विसरू नका.