बंद पडलेली जुनी मोटार हलविताना : ग्वाल्हेर ते गोवा

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील एखाद्या वडिलोपार्जित घराच्या आवारात वर्षानुवर्षे उभी असलेली अ‍ॅम्बेसेडर किंवा प्रीमियर पद्मिनी गोव्यात आणावयाची, तर प्रवास सुमारे दीड हजार किलोमीटरांचा होतो. अशा वेळी दोरखंड बांधून ‘टोचन’ करण्याचा मोह घातक ठरतो. इंजिन बंद असलेल्या गाडीचे बूस्टरचे ब्रेक जड होतात, तर दीर्घकाळ न वापरलेले ब्रेक अडकतात किंवा मुळीच लागत नाहीत. १९८९ च्या रस्ते नियमावलीने दोन वाहनांतील अंतर पाच मीटरपेक्षा अधिक नसावे आणि ओढल्या जाणाऱ्या गाडीच्या मागे ‘ऑन टो’ अशी ठळक पाटी असावी, असे बंधन घातले होते. दोराची ही सोय जवळच्या गॅरेजपुरतीच समजावी.

डॉली हा दोन चाकांचा छोटा गाडा असतो. त्यावर मोटारीची एक जोडी चाके उचलली जातात, दुसरी रस्त्यावर फिरते. म्हणून गाडीची ओढ कोणत्या चाकांना आहे, हे प्रथम पाहावे. मारुती ८०० ची ओढ पुढच्या चाकांना असल्याने ती चाके डॉलीवर घेऊन हँडब्रेक सोडला की पुरते. अ‍ॅम्बेसेडर व पद्मिनी यांची ओढ मागच्या चाकांना असते. त्यांची पुढची चाके उचलली, तरी मागची चाके प्रोपेलर शाफ्टमार्फत गिअरबॉक्सचा मागील भाग फिरवत राहतात. इंजिन बंद असल्याने तेल पुरेसे उडत नाही आणि बेअरिंग जळतात. यावर उपाय म्हणजे मेकॅनिककडून शाफ्ट काढून घेणे, किंवा मागची चाके डॉलीवर घेऊन स्टिअरिंग सरळ स्थितीत पक्के बांधणे.

लांबच्या प्रवासासाठी चारही चाके वर घेणारा ट्रेलर किंवा फ्लॅटबेड ट्रकच श्रेयस्कर. ट्रेलरच्या एकूण भाराचा सुमारे दहा ते पंधरा टक्के भाग जोडणीच्या आकड्यावर यावा. वजन मागे गेले, तर ट्रेलर वेगात डोलू लागतो आणि ओढणारे वाहनही आवरत नाही. चारही चाके स्वतंत्र पट्ट्यांनी बांधावीत, आकड्याखाली सुरक्षा साखळ्या फुलीसारख्या टाकाव्यात आणि पहिल्या वीस-तीस किलोमीटरनंतर पट्ट्या पुन्हा आवळाव्यात. बॅटरी सोडवावी व टाकीत पेट्रोल कमीत कमी ठेवावे. ट्रेलरच्या टायरचे वयही पाहावे. टायरवरील चार आकड्यांपैकी पहिले दोन आठवडा व पुढचे दोन वर्ष दर्शवितात. ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांवर जातो आणि जुने रबर त्या तापात फुटते.

आग्रा-मुंबई मार्गावर सेंधव्याजवळील बिजासन घाट, तर गोव्यात उतरताना चोर्ला किंवा आंबोली घाट लागतो. उतारावर ब्रेक दाबून न धरता, उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर घ्यावा. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतील, तर सारा भार ओढणाऱ्या वाहनाच्या ब्रेकवर येतो, याचा विसर पडू नये.

गाडी दुसऱ्या राज्यात कायमची न्यावयाची असल्यास मूळ परिवहन कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजेच नमुना २८, निघण्यापूर्वीच मिळवावे. ‘एमपी ०७’ क्रमांकाच्या गाडीसाठी ते ग्वाल्हेर येथूनच घ्यावे लागते. ते हाती नसताना गाडी गोव्यात पोहोचली, तर तेवढ्या कागदासाठी पुन्हा ग्वाल्हेर गाठण्याची वेळ येऊ शकते.