बर्म्यूडाचीं कासवें

कायदा झाला म्हणजे प्राणी वांचला, अशी समजूत सर्वत्र रूढ आहे. ती कितपत खरी, हें पाहूं जातां अटलांटिक महासागरांतील बर्म्यूडा बेटांचा इतिहास आम्हांस फार उद्बोधक वाटतो.

इंग्रजांनीं तेथें १६१२ त वसाहत केली. हिरव्या समुद्रकासवांचें मांस हें त्यांस आयतेंच अन्न मिळालें. लहानमोठें न पाहतां जी कत्तल सुरू झाली, तिला आळा घालण्यासाठीं तेथील सभेनें १६२० सालींच कायदा केला. किनाऱ्यापासून पांच लीगांच्या आंत अठरा इंचांहून कमी रुंदीचें कासव मारील, त्यास पंधरा पौंड तंबाखू दंड. पैकीं अर्धा सार्वजनिक कार्यास, अर्धा खबर देणारास!

हेतु स्तुत्य खरा. परंतु अंडीं घालावयास वाळूवर येते ती मादी मोठी असते, आणि तिला या कायद्यानें अभय दिलें नव्हतें. बेटांवर अंडीं घालणारा हिरव्या कासवांचा तो वंश अखेर बुडाला.

तथापि भोंवतालच्या समुद्रगवतांत लहान कासवें चरतच होतीं. तीं येत कोठून व जात कोठें? १९६८ त क्ले फ्रिक यांनीं प्रसिद्ध कासवशास्त्रज्ञ आर्ची कार यांच्या साह्यानें जें कार्य आरंभिलें, त्यांतून याचा उलगडा होत गेला. रीत साधी आहे. कुरणाभोंवतीं लांब जाळें वर्तुळाकार सोडावयाचें, अडकलेल्या कासवाची लांबी व वजन घ्यावयाचें, आणि वल्ह्यासारख्या पायास क्रमांकाचा बिल्ला ठोकून त्यास सोडून द्यावयाचें. तेंच पुन्हा सांपडलें, कीं दोन मापांतील अंतर ही त्याची वाढ.

या चिकाटीनें असें दिसून आलें, कीं एकेक कासव वर्षानुवर्षें त्याच कुरणाला धरून राहतें, त्याची वाढ फार सावकाश होते, आणि वयांत येण्यापूर्वींच तें बेटें सोडून जातें. कित्येकांचे बिल्ले दूर निकाराग्वाच्या कोळ्यांच्या हातीं लागले. रक्ताच्या परीक्षेनें त्यांचीं माहेरें कोस्टारिका, फ्लॉरिडा, मेक्सिको अशा परक्या किनाऱ्यांवर असल्याचें ठरलें.

म्हणजे ज्यांना बर्म्यूडाची पोरें समजावें, तीं निघालीं पाहुणीं! घरचा वंश बुडत असतां दारीं खेळणारीं हीं मुलें पाहून कोणासही धोका जाणवूं नये, यांत नवल नाहीं. १९७३ त बर्म्यूडानें सर्वच कासवांस संरक्षण दिलें. पण एका देशानें राखलेलें दुसऱ्यानें मारावें, तर त्याचा उपयोग काय? कायद्यापूर्वीं ज्ञान हवें, आणि ज्ञानानंतर शेजाऱ्यांचें एकमत, हाच या इतिहासाचा बोध आम्हांस दिसतो.