१३ जून : नागपूरची बाजूला राहिलेली तारीख

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

१८५७ च्या स्वातंत्र्यसमराची सुरुवात कुठे झाली, असे शाळेतल्या मुलाला विचारा. तो लगेच ‘मेरठ’ असे सांगेल. १० मे ही तारीखही त्याला पाठ असते. २००७ साली या घटनेला दीडशे वर्षे झाली, तेव्हा मेरठहून दिल्लीच्या लाल किल्ल्यापर्यंत हजारो तरुण पायी गेले. मेरठच्या शिपायांनी बंड करून दिल्लीचीच वाट धरली होती. तीच वाट पुन्हा पायांखालून घालायची, ही स्मरणाची मला फार चांगली रीत वाटते. पुस्तकात वाचलेला इतिहास अशा वेळी अंगात भिनतो.

मग आपण नागपूरकरांनी असे चालायचे ठरवले तर कुठून निघायचे आणि कुठे पोहोचायचे? माझे उत्तर असे आहे. टाकळीहून निघायचे आणि बर्डीच्या, म्हणजे सीताबर्डीच्या टेकडीवर पोहोचायचे. मेरठ ते दिल्लीच्या मानाने ही वाट अगदीच लहान. पण ती चालायला १३ जून १८५७ च्या रात्री सज्ज असलेल्या माणसांना ती पुरी करता आली नाही. म्हणूनच तिची आठवण ठेवायला हवी, असे मला वाटते.

त्या रात्रीची तयारी तीन-चार वर्षे आधीच झाली होती, असे म्हटले तर चूक होणार नाही. ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघूजी भोसले वारले. त्यांना मुलगा नव्हता. लॉर्ड डलहौसीने दत्तक मान्य केला नाही आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. नकाशावरचा रंग बदलला, एवढ्यावर हे थांबले नाही. राजवाड्यातले हत्ती, घोडे, बैल बर्डीवर आणून कवडीमोलाने विकले गेले. जडजवाहीर कलकत्त्याला लिलावासाठी रवाना झाले. राजाच्या चाकरीवर ज्यांची चूल पेटत होती अशी शेकडो घरे एकदम उघडी पडली. भोसल्यांची फौज मोडून इंग्रजांनी आपल्या तंत्राने चालणारे नवे दल उभारले. त्यातले घोडदळ टाकळीला होते. आज पोलीस लाईन टाकळी म्हणून आपण जो भाग ओळखतो, तोच हा परिसर.

मे महिन्यात मेरठ आणि दिल्लीच्या बातम्या येथे पोहोचल्या. टाकळीचे घोडदळ आणि शहरातले काही प्रमुख मुसलमान यांच्यात गुप्त खलबते सुरू झाली. बेत ठरला तो असा : १३ जूनच्या मध्यरात्री शहरातून आकाशात पेटते फुगे सोडायचे. ते दिसताच टाकळीच्या स्वारांनी उठाव करायचा. आज निरोप पोहोचवायला एक बटण दाबावे लागते. त्या काळी शहर आणि छावणी यांच्यामध्ये मोकळे रान होते आणि रात्रीचा निरोप आभाळावरच लिहावा लागे.

पण घात झाला. त्याच सुमारास घोडदळाच्या एका तुकडीला शिवनीकडे कूच करण्याचा हुकूम आला होता. त्यामुळे कट करणाऱ्यांना घाई झाली. पायदळाला उठवण्यासाठी त्यांनी एक दफेदार पाठवला. त्या दफेदाराने पहिल्यांदा ज्या शिपायाजवळ गोष्ट काढली, त्यानेच त्याला पकडून दिले. इंग्रज अधिकारी सावध झाले. बायकामुलांना सुरक्षित जागी हलवण्यात आले. बर्डीच्या टेकडीवर तोफा सज्ज झाल्या. पायदळ आणि तोफखाना इंग्रजांच्या बाजूने उभा राहिला. कामठीच्या छावणीतली मद्रासी पलटणही हलली नाही. उठाव सुरू होण्याआधीच संपला.

पुढे चौकशी झाली. घोडदळाचे देशी अंमलदार आणि शहरातले पुढारी यांना सीताबर्डीच्या किल्ल्याच्या तटावर फाशी देण्यात आले. दिलदार खान, इनायतुल्ला खान, विलायत खान ही त्यांतली नावे. किल्ल्यात ‘नऊगज अली बाबा’ या नावाने ओळखली जाणारी कबर आहे. नवाब कादर अली आणि त्यांच्या साथीदारांची आठवण लोकांनी तिच्याशी जोडली आहे. रेल्वे स्टेशनकडून येताना किंवा कस्तुरचंद पार्कवर उभे राहून आपण सगळेच त्या टेकडीकडे पाहतो. पण तटाकडे पाहताना ही नावे ओठांवर येतात, असे किती जण असतील?

या टेकडीला रक्त काही नवे नव्हते. चाळीस वर्षांपूर्वी, २६ नोव्हेंबर १८१७ च्या संध्याकाळी, येथेच आप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि इंग्रज समोरासमोर आले. पुण्याच्या पेशव्यांनी त्याच महिन्यात खडकीला इंग्रजांशी युद्ध सुरू केले होते आणि आप्पासाहेबांनी पेशव्यांकडून सेनापतिपदाची वस्त्रे उघडपणे स्वीकारली होती. भोसल्यांची फौज इंग्रजांच्या कितीतरी पट मोठी होती. त्यांच्या पदरच्या अरबांनी धाकटी टेकडी जिंकलीही. पण दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत डाव उलटला. आप्पासाहेब पुढे कैदेतून निसटले, महादेवाच्या डोंगरात गोंडांच्या आसऱ्याला राहिले आणि १८४० मध्ये दूर जोधपूरला वारले. लढाईनंतर या टेकडीवर इंग्रजांनी पक्का किल्ला बांधला. १८५७ मध्ये ज्या तटावर फास लटकले तो हाच. एकाच टेकडीवर राजाची लढाई झाली, राजवाड्यातल्या जनावरांची विक्री झाली आणि शिपायांची फाशीही झाली. अशी जागा ज्या शहराच्या मध्यभागी आहे, त्याने आपल्या स्वातंत्र्यलढ्याची सुरुवात दुसऱ्या गावात शोधत बसावे का?

येथे एक कडू गोष्ट सांगणे भाग आहे. स्मरणाचा कार्यक्रम म्हटला की आपण हार घालतो, घोषणा देतो आणि घरी जातो. जे गैरसोयीचे असते ते वगळतो. पण नागपूरचा उठाव इंग्रजांच्या तोफांनी मोडला असे म्हणता येत नाही. तोफ डागण्याची वेळच आली नाही. दफेदाराला धरणारा हात आपल्याच माणसाचा होता. भोसल्यांच्या घरातल्या वडीलधाऱ्या बाकाबाईंनी आपले सारे वजन शांतता राखण्यासाठी वापरले. त्यांच्यावर राग काढणे सोपे आहे. पण राज्य गेले होते, घरातल्या माणसांचे पोट इंग्रजांच्या पेन्शनीवर होते आणि दत्तकाचा प्रश्न लोंबकळत होता. पुढे १८६० मध्ये दत्तक जानोजींना ‘राजाबहादूर देऊर’ हा किताब मिळाला, पण राज्य परत आले नाही. ज्याच्याकडे गमावण्यासारखे थोडेसे उरलेले असते, तो ते थोडे जपायला बघतो. पायदळातल्या त्या शिपायाचे मन आपल्याला कळायचे नाही, पण त्याच्याही मागे घर असेलच.

हेच चित्र वर्षभरात चांद्याकडे पुन्हा दिसले. मार्च १८५८ मध्ये मोलमपल्लीचे तरुण गोंड जमीनदार बाबुराव शेडमाके यांनी राजगड परगण्यात इंग्रजांविरुद्ध हत्यार उचलले. घोट-अडपल्लीचे व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले. उत्तरेत बंडाचा जोर ओसरत चालला होता, तेव्हा हे जंगल पेटले, हे विशेष. त्यांना समोरासमोर पकडणे इंग्रजांना जमले नाही. शेवटी अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंच्या माणसांकडून ते पकडले गेले. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. तेव्हा त्यांचे वय अवघे पंचवीस होते. आजही चंद्रपूरला त्या दिवशी लोक जमतात, आदिवासी समाज दुरून येतो. स्मारक सरकारने बांधले की नाही, याची वाट त्या माणसांनी पाहिली नाही. बाबुराव हे आपले माणूस आहे, हे घराघरांत सांगितले गेले. आठवण टिकते ती अशी.

नागपूरच्या १३ जूनचे तसे का झाले नाही? एक कारण उघड आहे. चंद्रपूरला लढाई झाली, येथे झाली नाही. न झालेल्या लढाईचा पोवाडा कोण गाणार? पण मी म्हणतो, सुरुवात म्हणजे केवळ पहिली गोळी नव्हे. बेत पार पडला असता तर काय झाले असते, या विचारात शिरण्याचे कारण नाही. इतके मात्र खरे की, चारी बाजूंनी इंग्रजांच्या पलटणी असताना काही माणसांनी एका रात्रीवर आपला जीव लावला. दिवस फसला, म्हणून त्या जिवांची किंमत कमी होत नाही.

दुसरे कारण अगदी साधे आहे. १३ जून हा दिवस विदर्भातल्या शाळांच्या उन्हाळी सुटीत येतो. उन्हामुळे आपल्याकडे शाळा जूनअखेरच उघडतात. १० मे तर भर सुटीत. म्हणजे ज्या वयात अशा तारखा मनावर कोरल्या जातात, त्या वयात ही तारीख वर्गात कधी उच्चारलीच जात नाही.

यावर उपाय अवघड नाही. शाळा उघडल्यावर इतिहासाचा पहिला तास गावाच्या इतिहासासाठी राखून ठेवावा. शिक्षकांनी मुलांना टाकळीहून बर्डीपर्यंत चालवत न्यावे. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे आणि एरवी बंद असतो. पण राष्ट्रीय सणांना तो लोकांसाठी उघडतो. त्या दिवशी आत जाऊन तट दाखवावा. १८१७ सांगावे, १८५७ सांगावे. बाकाबाईही सांगाव्यात आणि तो पायदळाचा शिपाईही सांगावा. मुले विचारतील, ‘बाई, त्याने पकडून का दिले?’ बाईंना लगेच उत्तर सुचले नाही तरी चालेल. असा प्रश्न घेऊन मूल टेकडी उतरले, तर त्या दिवशी कोणाच्या गळ्यात हार पडला नाही म्हणून काही बिघडणार नाही.