घाटात गाडी तापते, गॅरेजात मात्र काहीच सापडत नाही. असं का होतं?

शनिवारची सकाळ. पनवेलहून निघालेली गाडी कळंबोलीला एक्सप्रेस वेवर चढते आणि खालापूर टोलनाक्यापर्यंत मस्त पळते. एसी सुरू, मागे पोरं, डिक्कीत बॅगा. खोपोली मागे पडते, चढ लागतो. पुढे ट्रेलरची रांग, गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरवर येते आणि बघता बघता तापमानाचा काटा लाल पट्टीकडे सरकायला लागतो. थोड्याच वेळात बॉनेटच्या फटीतून वाफ.

लाँग वीकेंडला बोरघाटात हे चित्र कुणालाच नवीन नाही. 2023 मध्ये नाताळ सोमवारी आला होता. त्याआधीच्या शनिवारी, 23 डिसेंबरला, एक्सप्रेस वेवर काही किलोमीटर लांब रांगा लागल्या होत्या. अशा कोंडीत कडेला बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या हमखास दिसतात.

खरी डोकेदुखी त्यानंतर सुरू होते. सोमवारी गाडी पनवेलमधल्या गॅरेजात जाते. मेकॅनिक इंजिन सुरू ठेवून पंधरा मिनिटं बघतो. काटा मधोमध, हलत नाही. "कूलंट कमी होतं, टाकलंय, आता काही होणार नाही." पुढच्या वेळी घाटात पुन्हा तेच. मग थर्मोस्टॅट बदला, मग रेडिएटर बदला, मग पंप बदला. बिल वाढत जातं आणि दोष असतो एखाद्या फ्यूजमध्ये.

मेकॅनिक दरवेळी फसवत असतो असं नाही. कूलिंग सिस्टीमचे बरेचसे दोष ठराविक परिस्थितीतच दिसतात आणि गॅरेजच्या सावलीत ती परिस्थिती नसते. म्हणून गाडी नेमकी कधी तापली, ही माहिती निदानाला सगळ्यात जास्त उपयोगी पडते. ती फक्त गाडी चालवणाऱ्याकडेच असते.

घाट इंजिनाकडून काय मागतो?

पनवेल जवळजवळ समुद्रसपाटीला आहे, तर लोणावळा 600 मीटरांहून जास्त उंचीवर. माणसं आणि सामान धरून 1400 किलो वजनाची कार एवढी वर चढवायची, तर सपाट रस्त्याला लागतं त्याशिवाय साधारण पाऊण लिटर पेट्रोल निव्वळ उंचीसाठी जळतं. त्यातली जेमतेम तीस टक्के ऊर्जा गाडी वर न्यायला वापरली जाते. उरलेली सगळी उष्णता. काही सायलेन्सरमधून जाते, आणि मोठा वाटा इंजिनाभोवती फिरणाऱ्या कूलंटला बाहेर न्यावा लागतो. पुण्याकडे जाणाऱ्या बहुतेक रेल्वेगाड्यांना कर्जतला मागून ढकलायला बँकर इंजिनं जोडतात. कारला तशी सोय नाही.

आता कूलंट काय करतं ते बघू. वॉटर पंप ते इंजिनात फिरवतो. इंजिन थंड असताना थर्मोस्टॅट नावाची झडप बंद असते. साधारण 82 ते 90 अंश सेल्सिअसला ती उघडते आणि गरम कूलंट पुढच्या रेडिएटरमध्ये जातं. तिथे वारा लागून ते थंड होतं. गाडी वेगात असेल तर वारा आपोआप मिळतो. रांगेत उभी असेल तर सगळा भार रेडिएटरच्या फॅनवर.

या सगळ्यात एक भाग कुणाच्या खिजगणतीत नसतो, तो म्हणजे झाकण. लोणावळ्याच्या उंचीवर साधं पाणी उघड्या भांड्यात सुमारे 98 अंशांना उकळतं. इंजिनाला एवढ्यावर भागत नाही. म्हणून झाकणाची स्प्रिंग आतला दाब धरून ठेवते. दाबाखाली निम्मं कूलंट आणि निम्मं पाणी असं मिश्रण 120 अंशांच्या पुढे गेल्यावरच उकळतं. झाकणाची स्प्रिंग किंवा रबर सैल पडलं की हा आधार जातो. शहरात काही जाणवत नाही, घाटात मात्र कूलंट उकळून बाहेर येतं. हे झाकण बाकी भागांच्या मानाने अगदी स्वस्त असतं, तरी ते तपासण्याआधी रेडिएटर काढला जातो.

कधी तापली, त्यावरून ओळख

रांगेत उभी असताना काटा चढतो आणि गाडी पळायला लागली की खाली येतो, असं होत असेल तर संशय पहिला फॅनवर. हे घरी तपासता येतं. गाडी उभी करून इंजिन सुरू ठेवा आणि एसी लावा. बहुतेक गाड्यांमध्ये एसी लावल्यावर थोड्या वेळात पुढचा फॅन फिरायला लागतो. फिरलाच नाही तर फ्यूज, रिले, वायर किंवा फॅनची मोटर बघावी लागेल. फ्यूज आणि रिले आधी, कारण तेच सगळ्यात स्वस्त. एसीवर फॅन फिरतो, पण एसी बंद ठेवून इंजिन पूर्ण तापलं तरी फिरत नाही, तर मोटर चांगली आहे. मग तापमानाचा सेन्सर किंवा त्याची वायर तपासायची. फॅन कधीही आपोआप सुरू होतो, त्यामुळे हात लांब ठेवा. ओढणी, साडीचा पदर, गळ्यातली चेन यांचंही तसंच.

जुन्या डिझेल जीप आणि एसयूव्हींमध्ये फॅन विजेवर न चालता इंजिनाच्या बेल्टवर फिरतो. तिथे बेल्ट सैल झालाय का आणि फॅनचा क्लच घसरतोय का, हे बघावं लागतं.

उलटा प्रकारही असतो. रांगेत गाडी शांत असते, पण वेगात चढ चढताना किंवा लांब पल्ल्यावर काटा वर जातो. इथे फॅनचा दोष नाही, कारण वारा भरपूर आहे. कूलंट पुरेसं फिरत नाही किंवा रेडिएटर उष्णता बाहेर टाकू शकत नाही. बाहेरून रेडिएटरच्या जाळीत चिखल, किडे, पालापाचोळा अडकलेला असू शकतो. आतून त्याच्या नळ्या क्षाराने बुजलेल्या असू शकतात. वर्षानुवर्षं कूलंटऐवजी बोअरिंगचं पाणी टाकलेल्या गाड्यांचा हा ठरलेला आजार. थर्मोस्टॅट अर्धवट उघडत असेल किंवा पंपाची पाती झिजली असतील, तरीही असंच होतं.

फक्त एसी लावल्यावरच तापत असेल तर? एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढेच बसवलेला असतो. म्हणजे रेडिएटरला मिळणारा वारा आधीच तापलेला असतो. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत धूळ साचली की वारा अडतो, आणि ती धूळ समोरून दिसतही नाही. एसी बंद केला की काटा खाली येतो, म्हणून बरेच जण एसीला दोष देतात. खरं तर कूलिंग सिस्टीम आधीच काठावर असते, एसी फक्त ते उघड करतो.

सकाळी थंड इंजिन सुरू केल्यावर पाच-सात मिनिटांतच काटा वर गेला, तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकल्याची शक्यता मोठी. इंजिन तापलंय, पण रेडिएटरकडे जाणारा होज पाइप थंडच आहे, हे त्याचं लक्षण.

आणि एक चाचणी गाडीत बसल्या बसल्या करता येते. काटा वर असताना हीटर लावून बघा. हीटर म्हणजे डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटरच, त्यातून इंजिनाचंच गरम कूलंट फिरतं. इंजिन तापलेलं आणि हीटरची हवा मात्र गार, असं असेल तर कूलंट तिथवर पोचतच नाहीये. ते कमी झालंय, मध्ये हवा अडकलीय किंवा पंप बंद पडलाय. अशा वेळी एक किलोमीटरही पुढे जाऊ नये.

पाणी संपतंय, पण गळत कुठेच नाही

हा प्रकार सगळ्यात महागात जातो. दर आठवड्याला टाकीतली पातळी खाली जाते, गाडीखाली मात्र एक थेंब नाही. मालक बाटलीने पाणी टाकत राहतो, गाडी चालत राहते. कूलंट जातं कुठे? कधी झाकणातून वाफ होऊन, कधी हीटरमधून आत गळून पुढच्या सीटच्या पायाशी. तिथला गालिचा ओला आणि वास गोडसर असेल तर समजावं. यातलं काहीच नसेल तर हेड गॅस्केटकडे बघावं लागतं.

हेड गॅस्केट म्हणजे इंजिनाचं वरचं हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधला पातळ थर. तो फाटला की सिलिंडरमधला वायू कूलंटमध्ये शिरतो किंवा कूलंट सिलिंडरमध्ये जाऊन जळतं. थंड इंजिन सुरू केल्यावर लगेच होज पाइप दगडासारखे कडक होणं, टाकीत सतत बुडबुडे येणं, इंजिन पूर्ण तापल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा गोडसर वासाचा धूर येणं, ही त्याची लक्षणं.

ऑइल दुधाळ होणं हेही लक्षण सांगितलं जातं, पण कोकणपट्टीत इथे फसगत होते. पावसाळ्यात गाडी रोज फक्त स्टेशनपर्यंत नेली-आणली तर दमट हवेमुळे ऑइलच्या झाकणाला आतून पिवळट फेस येतो. तेवढ्यावरून घाबरायचं कारण नाही. डिपस्टिक काढून बघा. तिच्यावरचं ऑइलही दूध घातलेल्या कॉफीसारखं दिसलं, तर गाडी सुरू न करता टो करून न्यावी.

तापलेल्या अवस्थेत गाडी रेटत नेली की ॲल्युमिनियमचं हेड वाकडं होतं. मग हेड उतरवणं, फेसिंग करणं, नवं गॅस्केट. काही शे रुपयांच्या रिलेपासून सुरू झालेलं दुखणं पाच आकडी बिलावर जातं ते असं.

घाटातच तापली तर

काटा मध्याच्या वर चढताना दिसला की आधी एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर पूर्ण वेगात लावा. उकाडा असह्य होईल, पण थोडी उष्णता इंजिनातून बाहेर जाते. बऱ्याच छोट्या गाड्यांना काटाच नसतो, फक्त दिवा असतो. निळा म्हणजे इंजिन अजून थंड, लाल म्हणजे थांबा. लाल दिवा लागतो तेव्हा मोजकाच वेळ हातात असतो.

अगदी डावीकडे कडेला थांबा, इंजिन बंद करा, हझार्ड लाइट लावा, त्रिकोण निदान 50 मीटर मागे ठेवा. माणसांना गाडीत बसवून ठेवू नका. सगळ्यांनी कठड्यापलीकडे सुरक्षित जागी जावं, कारण एक्सप्रेस वेवर उभ्या गाडीला मागून धडक बसण्याचा धोका तापलेल्या इंजिनाहून मोठा आहे. मदतीसाठी 112 वर फोन करता येतो.

झाकणाला निदान अर्धा-पाऊण तास हात लावू नका. आत शंभर अंशांच्या वरचं द्रव दाबाखाली असतं. झाकण फिरवलं की दाब सुटतो आणि ते तिथल्या तिथे वाफ होऊन उसळतं, थेट तोंडावर आणि हातांवर. फडकं धरून उघडणंही सुरक्षित नाही. गरम इंजिनावर गार पाणी ओतू नका, धातूला तडा जाऊ शकतो. इंजिन पूर्ण निवल्यावर कूलंट नसेल तर साधं पाणी टाकून गॅरेजपर्यंत जाता येतं, मात्र नंतर ते काढून योग्य मिश्रण भरून घ्यावं.

आणखी एक धोका. वाफ येतेय, इंजिन तापलंय आणि अचानक काटा खाली आला, तर सुटकेचा निःश्वास टाकू नका. कूलंट इतकं कमी झालं असेल की सेन्सर कोरडा पडला. काटा तेव्हा इंजिनाचं खरं तापमान दाखवत नसतो.

गॅरेजात काय सांगायचं?

लोणावळ्याहून परत येताना घाट उतारच असतो. इंजिनावर भार नाही, वारा भरपूर, काटा शांत. पनवेलला पोचेपर्यंत गाडी बरी झाल्यासारखी वाटते. म्हणून घाटातच फोनवर टिपून ठेवा: उभी होती की चालत होती, एसी होता का, हीटरची हवा गरम होती की गार, फॅनचा आवाज येत होता का, आधी किती दिवसांत किती पाणी टाकलं होतं.

मग मेकॅनिकला नेमकी कामं सांगता येतात. प्रेशर टेस्टरने थंड सिस्टीममध्ये दाब भरून गळती बघणं, त्याच पंपावर झाकण दाब धरतंय का ते तपासणं. स्कॅनर लावून फॅन किती अंशांना सुरू होतो ते वाचणं. हेड गॅस्केटचा संशय असेल तर टाकीच्या तोंडाशी धरायची रसायनाची चाचणी असते. पेट्रोल गाडीत जळालेला वायू कूलंटमध्ये येत असेल तर निळं द्रव पिवळं पडतं. हेड उतरवायला हो म्हणण्याआधी ही चाचणी करायला सांगा, आणि द्रवाचा रंग बदलताना स्वतः उभं राहून बघा.