बाटलीवरची कागदी पट्टी

जुन्या दवाखान्यांतल्या औषधाच्या बाटलीवर कागदाची एक पट्टी चिकटवलेली असायची. तिच्या कडेला कात्रीने दाते पाडलेले असत. एक दाता म्हणजे एक डोस. सकाळी पहिल्या दात्यापर्यंत प्यायचं, संध्याकाळी दुसऱ्या. वाचता येत नसलं तरी अडायचं नाही. मी सॉफ्टवेअर लिहितो, आणि वापरणाऱ्याला वाचता येतं हे आम्ही सरसकट गृहीत धरतो. त्या पट्टीने तसं धरलं नव्हतं.

ती पट्टी कापणारा माणूस म्हणजे कंपाउंडर. माझे आजोबा तळोद्यातल्या एका खासगी दवाखान्यात कंपाउंडर होते. डॉक्टर चिठ्ठी लिहायचे. आजोबा मिक्श्चर बनवायचे, खलात गोळ्या कुटून पुड्या बांधायचे. कॉलेज असं काही नव्हतं, काम बघत बघतच शिकले. गावातल्या माणसाशी अहिराणीत बोलायचे आणि सातपुड्यातून उतरून आलेल्याशी पावरीत. औषध कसं घ्यायचं ते समोरच्याकडून एकदा वदवून घेतल्याशिवाय बाटली हातात देत नसत.

अशा माणसांचं काय करायचं, हा प्रश्न एकेकाळी देशापुढे होता. 1930 साली ब्रिटिश सरकारने कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली औषध चौकशी समिती नेमली. भेसळ माजली होती आणि औषध हाताळणाऱ्यांच्या शिक्षणाला देशभरात एकसारखा नियम नव्हता. 1932 मध्ये महादेव लाल श्रॉफ यांनी बनारस हिंदू विद्यापीठात फार्मसीचं शिक्षण सुरू केलं. 1940 मध्ये औषध कायदा आला आणि 1948 मध्ये फार्मसी कायदा.

हा 1948 चा कायदा मला फार ओळखीचा वाटतो. नवी सिस्टीम आणताना जुन्या युजरना बाहेर फेकता येत नाही, ही आमची रोजची डोकेदुखी. कायद्यानेही तीच वाट काढली. पहिल्या नोंदवहीसाठी पदवी किंवा कंपाउंडरची परीक्षा तर चालणारच होती, पण डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधं बनवण्याचा किमान पाच वर्षांचा अनुभवही चालणार होता. ही खिडकी कायम उघडी नव्हती. पुढच्यांना शिक्षण सक्तीचं झालं. ब्रिटनमध्ये फार्मसी टेक्निशियन नावाचा वेगळा नोंदणीकृत पेशा आहे. तिथे 2011 मध्ये नोंदणी सक्तीची होण्याआधी जुन्या अनुभवी लोकांना अशीच सवलत मिळाली होती. आपल्याकडे मात्र असा मधला दर्जा कायद्यात आलाच नाही. एक तर नोंदणीकृत फार्मासिस्ट, नाही तर कुणीच नाही.

मग आजोबांसारखे लोक टिकले कसे? कलम 42 मुळे. नोंदणी नसलेल्याने औषध बनवू नये, देऊ नये, असं ते कलम सांगतं. पण डॉक्टर स्वतःच्या रुग्णाला देत असलेल्या औषधाला ते लागू नाही. दवाखान्यातला कंपाउंडर त्या सवलतीच्या आडोशाला राहिला. शिवाय ते कलम कधी लागू करायचं हे राज्यांवर सोडलेलं होतं. 1976 च्या दुरुस्तीनंतर मुदत ठरली, तीही एकदा वाढली, आणि देशभर ते लागू व्हायला 1984 उजाडलं. तोवर कारखान्यातून तयार गोळ्यांच्या स्ट्रिप येऊ लागल्या होत्या. औषध बनवायला शिकलेला माणूस हवा हा नियम पक्का झाला, तेव्हा दुकानात बनवण्यासारखं फारसं उरलंच नव्हतं.

उरलं ते समजावून सांगणं. नेमकं तेच कुणी धरून ठेवलं नाही. सर्टिफिकेट भिंतीवरच्या फ्रेममध्ये आणि फार्मासिस्ट भलत्याच गावात, हे चित्र आपण सगळ्यांनी पाहिलंय. 2012 च्या सुमारास महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना दुकानात फार्मासिस्ट हजर हवाच म्हणून कारवाई सुरू झाली, तेव्हा औषधविक्रेत्यांनी बंद पुकारला होता. 2015 च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनी रुग्णाशी बोलणं कर्तव्यात घातलं: औषध कशासाठी, कसं घ्यायचं, डोस चुकला तर काय करायचं. 2020 च्या नव्या डी.फार्म. अभ्यासक्रमात सोशल फार्मसी आणि कम्युनिटी फार्मसी हे विषय आले. दोन वर्षं वर्गात आणि त्यानंतर 500 तास प्रत्यक्ष काम.

आता हे नंदुरबारला लावून बघा. 1998 मध्ये धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. 2011 च्या जनगणनेनुसार इथे दहातले जवळपास सात लोक आदिवासी. इथल्या पाड्यांवर सिकलसेलचं ओझं मोठं आहे. त्यावरचं हायड्रॉक्सीयुरिया हे औषध दुखणं उठल्यावर घ्यायची गोळी नाही. ते रोज घ्यायचं, वजनाप्रमाणे घ्यायचं, अधूनमधून रक्त तपासत घ्यायचं. गुण यायला महिने लागतात. ‘आज दुखत नाही, मग कशाला घेऊ?’ असं म्हणून ते थांबवलं की सगळी मेहनत वाया. हे स्ट्रिपवर इंग्रजीत छापून पोचत नाही, आणि प्रमाण मराठीत सांगूनही धडगावच्या वरच्या पाड्यांवर पोचेलच असं नाही.

शहाद्याच्या फार्मसी कॉलेजसारख्या ठिकाणी डी.फार्म. करणाऱ्यांत ज्याच्या घरी पावरी किंवा भिली बोलली जाते, त्याच्याकडे एक कौशल्य आयतंच आहे. मार्कशीटवर त्याला रकाना नाही. 1948 च्या कायद्याने निदान पाच वर्षांचा अनुभव मोजला होता. भाषा आजवर कुठल्याच नियमाने मोजलेली नाही. त्या 500 तासांतले शंभर तास जरी अक्कलकुवा किंवा धडगावच्या रुग्णालयातल्या औषधखिडकीवर, समोरच्याच्या बोलीत सांगण्यासाठी राखले आणि त्याला मार्क दिले, तर नवा कायदासुद्धा करावा लागणार नाही. आणि कंपाउंडरकडून घेण्यासारखं जे होतं, ते निदान पुढच्या पिढीच्या हाती लागेल.