रूट हिंट्स

रूट हिंट्स ही डोमेन नेम सिस्टम अर्थात डीएनएस या प्रणालीतील रूट सर्व्हरांची नावे व आयपी पत्ते यांची यादी होय. संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधणाऱ्या नेम सर्व्हरने शोध कोठून सुरू करावा, हे या यादीवरून ठरते.

कार्य

नव्याने सुरू झालेल्या नेम सर्व्हरजवळ कोणतीही माहिती साठवलेली नसते. तो यादीतील एखाद्या पत्त्यावर रूट सर्व्हरांची अद्ययावत यादी मागतो. या पहिल्या विचारणेस ‘प्रायमिंग’ म्हणतात. पुढे रूट सर्व्हर ‘.इन’, ‘.कॉम’ यांसारख्या उच्चस्तरीय डोमेनांच्या सर्व्हरांचे पत्ते सांगतात. या डोमेनांची नोंद हिंट्समध्ये नसते. म्हणूनच २०१४ मध्ये देवनागरी ‘.भारत’ची नोंदणी सुरू झाली, तेव्हा यादी बदलावी लागली नाही.

स्वरूप

यादीत ‘ए’ ते ‘एम’ या अक्षरांनी ओळखले जाणारे १३ सर्व्हर असून ते १२ संस्था चालवतात. उदाहरणार्थ, ‘ए’चा आयपीव्ही४ पत्ता १९८.४१.०.४ आहे. ‘एनीकास्ट’ पद्धतीमुळे एकाच पत्त्यावर उत्तर देणारी यंत्रे जगभर असतात. स्वीडनमधील नेटनॉड संस्थेच्या ‘आय’ सर्व्हरचे असे एक यंत्र मुंबईत आहे. त्यामुळे अंधेरी किंवा मुलुंड येथील नेम सर्व्हरची विचारणा, जोडणी अनुकूल असल्यास, शहरातच पूर्ण होऊ शकते. त्यासाठी यादीत वेगळा पत्ता लिहावा लागत नाही.

मांडणी

‘बाइंड’ या सॉफ्टवेअरच्या मुख्य फाइलमध्ये एका बिंदूने दर्शवलेला रूट झोन ‘हिंट’ प्रकारचा असल्याचे नमूद करून यादीच्या फाइलचे नाव देतात. ही फाइल इंटरनिकच्या संकेतस्थळावर मिळते. नाव न दिल्यास बाइंड स्वतःतील अंतर्भूत यादी वापरते. सर्व विचारणा केवळ दुसऱ्या नेम सर्व्हरकडे पाठवल्या जात असतील, तर हिंट्सचा उपयोग होत नाही.

जुन्या यादीचा धोका

रूट सर्व्हरांचे पत्ते क्वचितच बदलतात. ‘एल’चा पत्ता २००७ मध्ये, ‘डी’चा २०१३ मध्ये, तर ‘बी’चा २०१७ व पुन्हा २०२३ मध्ये बदलला. यादीतील एकच पत्ता चालू असला, तरी काम सुरू होते. त्यामुळे यादी जुनी झाल्याचे सहज लक्षात येत नाही. ‘एल’च्या जुन्या पत्त्यावर अन्य सर्व्हर उत्तरे देत असल्याचे २००८ मध्ये आढळले होते. रूट झोनवर २०१० पासून डिजिटल स्वाक्षरी असते. ती पडताळणारा नेम सर्व्हर बनावट नोंदी नाकारू शकतो. तरीही यादी अद्ययावत ठेवणे आवश्यक मानले जाते.